रिकाम्या चौकटीतलं शून्य

१३ जानेवारी, सोमवार

शर्मिलाने सांगितलं म्हणून ही वही. शर्मिला म्हणजे अरविंदची स्पीच थेरपिस्ट. आठवड्यातून दोनदा घणसोलीला आमच्या घरी येते. "काकू, रोज दोन ओळी तरी लिहा. काका आज कशावर हसले, कशावर चिडले, काय सांगायला बघत होते. नाहीतर सुधारणा होतेय हे तुमच्या लक्षातच येणार नाही."

तर लिहिते. आज काही बोलला नाही. म्हणजे एकच शब्द बोलला, 'नको'. दिवाळीच्या तोंडावर स्ट्रोक आला, उजवा हात-पाय गेला आणि सगळ्या भाषेतून तेवढा एकच शब्द मागे राहिला. चहा नको असला की नको, हवा असला तरी नकोच. ऐकलेलं सगळं कळतं त्याला. डॉक्टर म्हणाले, आत सगळं जागच्या जागी आहे, फक्त बाहेर यायचा रस्ता तुटलाय. शर्मिला म्हणते, काकू, शब्दावर जाऊ नका, चेहरा बघा.

चेहरा बघते. अर्धाच हलतो.

१६ जानेवारी

दुपारी महाप्याहून आशुतोषचा फोन. महाप्याला सॉल्व्हंटचा एक कारखाना आहे, तिथला हा शिफ्ट इन्चार्ज. अरविंद गेली वीस-एक वर्षं अशा छोट्या कारखान्यांना अ‍ॅक्सेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम करून द्यायचा. गेटपास, स्टोअर, हजेरी, असलंच सगळं. हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल हेच त्याचं ऑफिस. मी शाळेत अकाउंट्सला होते, त्याची बिलं तेवढी बघायची. नोव्हेंबरमध्ये शाळा सोडली.

आशुतोष म्हणाला, "मॅडम, ऑफिसला नवीन कॉम्प्युटर आलाय, त्याच्यावर सरांचा फॉर्मच उघडत नाही. सर कधीपर्यंत ठीक होतील?"

मी म्हणाले, "उद्या मी येऊन बघते."

का म्हणाले ते माहीत नाही. फोन ठेवला. अरविंद बघत होता. "चालेल ना?" विचारलं. "नको," म्हणाला, पण डोळे हसत होते.

१७ जानेवारी

रिक्षाने गेले. गेटच्या आत पाऊल टाकलं की नेलपॉलिशच्या बाटलीत नाक घातल्यासारखा वास. आशुतोष तरुण आहे, तिशीचा असेल. सतत घाईत, पण बोलायला बरा. त्याने दाखवलं: फॉर्मच्या चौकटींत आकडे असायला हवेत तिथे 'नेम?' असं काहीतरी दिसतंय आणि बटण दाबलं की 'कंपाइल एरर'. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मोबाइलवर फोटो काढले, फाईलची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी आले.

लॅपटॉप अरविंदच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ बघत राहिला. मग डाव्या हाताचं बोट हळूहळू 'टूल्स'वर नेऊन टेकवलं. तिथे 'रेफरन्सेस', तिथे एक लांब यादी आणि एका ओळीपुढे लिहिलेलं, 'मिसिंग'. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर असलेलं काहीतरी नव्यावर नव्हतं. त्याने तिथेच बोट ठोकलं. मी टिक काढली. चौकटींत आकडे आले.

दोघं हसलो. चेहऱ्याची हसणारी बाजू पूर्ण हसली. स्ट्रोकनंतर असं पहिल्यांदाच. शर्मिलाला सांगायला हवं.

२० जानेवारी

महाप्याला जाऊन दुरुस्त करून दिलं. आता तो फॉर्म काय आहे ते कळलं. कारखान्यात मोठमोठ्या टाक्या आहेत. टाकी धुवायला माणूस आत उतरवायचा तर आधी परमिट छापायचं. टाकीचा नंबर, माणसांची नावं, आतल्या गॅसचं रीडिंग, ऑक्सिजनचं रीडिंग, खाली सह्या. तो कागद हातात आल्याशिवाय कोणी उतरत नाही. टाकी धुणारी माणसं कॉन्ट्रॅक्टर पुरवतो, तळवलीचे कमळाकरशेठ. साठीचे आहेत, मूळचे इथलेच. एके काळी ह्यांची शेती होती त्या जागेवर आता कारखाने आहेत, असं स्वतःच सांगतात.

त्यांचा एक माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "मॅडम, तेवढं माझं नाव नीट करता का? मारुती नाही, मारोती. आधारवर मारोती आहे. गेटवर रोज अडवतेत."

हिंगोलीकडचा आहे. नाव नीट केलं. त्याने स्क्रीनवर वाकून वाचून बघितलं आणि म्हणाला, "हां. आता मी आहे."

सगळे हसले. मलाही फार बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. अरविंदच्या आणखी दोन क्लायंटचे फोन आले. एकाचा रिपोर्ट उघडत नव्हता, दुसऱ्याची फाईल दोघांनी एकदम उघडली की लॉक व्हायची. दोन्ही झालं. सकाळी त्याचं अंघोळ-नाश्ता उरकलं की मी व्हिडिओ बघत बसते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोडिंग. शाळेत इतकी वर्षं व्हाउचर चिकटवली, त्यापेक्षा हे बरं. इथे चूक झाली तर मशीन लगेच सांगतं, कुठल्या ओळीत झाली तेही सांगतं.

अरविंदबद्दल: ठीक आहे. खाणं ठीक.

१२ फेब्रुवारी

आशुतोषचा फोन, आवाज चढलेला. "मॅडम, परमिट प्रिंटच होत नाही. एरर चौऱ्याण्णव येतो आणि फॉर्म मरतो. काल कमळाकरशेठ माणसं घेऊन परत गेले. आज पुन्हा तेच. प्लँट हेड माझं डोकं खातायत."

फाईलची कॉपी मागवून घेतली. 'रन-टाइम एरर ९४. इनव्हॅलिड यूज ऑफ नल.' नल म्हणजे रिकामं. गॅसच्या रीडिंगची चौकट कोणी भरलेलीच नाही, आणि अरविंदचं कोड तिथे आकडा शोधतंय. आकडा दहाच्या वर असेल तर परमिट देऊ नको, असं खाली त्याने लिहिलंय. पण चौकटच रिकामी असेल तर काय करायचं ते लिहिलेलं नाही. म्हणून गाडी तिथे अडते.

अरविंदकडून एवढी साधी गोष्ट राहून गेली याचं नवल वाटलं. थोडं, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

आशुतोषला विचारलं, रीडिंग रिकामं कसं राहतं? म्हणाला, "मीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे तपासून घ्यायला गेलंय. तोवर आम्ही दुसऱ्या प्लँटचं मीटर आणून रीडिंग घेतो, रजिस्टरला हाताने लिहितो. कॉम्प्युटरवर भरायला वेळ नसतो पोरांना. तुम्ही फक्त एरर घालवा."

१३ फेब्रुवारी

सापडलं. इतकं सोपं होतं. 'एन-झेड' नावाचं फंक्शन. चौकट रिकामी असेल तर तिला शून्य धरायचं. सगळ्या फोरमवर हेच उत्तर आहे. एका ओळीत काम. रिकामी चौकट ठेवून बटण दाबलं आणि परमिट छापून आलं, गॅसपुढे स्वच्छ शून्य.

अरविंदला दाखवायला घेऊन गेले. शाबासकी हवी होती, दुसरं काय. त्याने ओळ वाचली. मग "नको" म्हणाला. मग पुन्हा, मग मोठ्याने, "नको नको नको." डाव्या हाताने लॅपटॉपचं झाकण आपटलं, माझं बोट थोडक्यात वाचलं.

मी लॅपटॉप उचलून टेबलावर नेला. पण वाईट वाटलं. आयुष्यभराचं काम आपल्या डोळ्यांदेखत बायको करतेय, हे पुरुषाला जड जात असणार. मी समजू शकते. तरीही.

दुपारी नवी फाईल आशुतोषला पाठवली. त्याचा मेसेज आला, 'सुपर मॅडम.'

१५ फेब्रुवारी

आज दिवसभर एकच. मी टेबलाशी बसले की 'नको'नेच हाक मारतो. गेले की डाव्या हाताने स्वतःचं नाक दाबून धरतो, डोळे मिटतो, मान टाकतो. मग लॅपटॉपकडे बोट.

मला वाटलं कपडे खराब झाले. बघितलं, नव्हते. तरी स्पंज केला, चादर बदलली, पावडर लावली. झाल्यावर पुन्हा नाक. शेवटी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. स्वतःच्या अंगाचा वास सहन होत नसेल. किती स्वच्छ माणूस हा, दिवसातून दोनदा शर्ट बदलणारा. मी त्याला म्हटलं, "अरे, मला काही घाण वाटत नाही तुझी." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

रूम फ्रेशनर आणला.

१८ फेब्रुवारी

शर्मिला आली होती. मी नाकाचं सांगितलं. ती त्याच्याशी बराच वेळ बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काकू, वासाचं नाहीये हे. कामाबद्दल काहीतरी आहे. कॉम्प्युटर दाखवला की सुरू होतात. आपण चित्रांचा बोर्ड करू या का? त्यांना बोट ठेवून सांगता येईल."

मी म्हटलं, करू, पुढच्या आठवड्यात. तिला हेही सांगितलं की तो माझ्या कामावर रुसलाय. ती म्हणाली, "असेलही." असेलही म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

लॅपटॉप आता स्वयंपाकघरात हलवलाय. त्याला दिसला नाही की त्रास होणार नाही.

एन-झेड दुसऱ्या क्लायंटकडेही, उरणच्या गोदामाला, लावलं. तिथेही चौऱ्याण्णवच होता.

२१ फेब्रुवारी

आशुतोषचं नवं. गॅसचं चालतंय, पण आता ऑक्सिजनची चौकट रिकामी राहिली की 'ऑक्सिजन कमी आहे' असा मेसेज येऊन परमिट अडतं. बरोबरच आहे, तिथेही मी एन-झेडच लावलंय, आणि शून्य ऑक्सिजन म्हणजे कमीच. मी म्हटलं, मग ते रीडिंग तरी भरा. तो म्हणाला, "मॅडम, हवेत ऑक्सिजन वीस पॉइंट नऊच असतो, शाळेतल्या पोरालाही माहितीये. तेवढा आकडा आपोआप येईल असं करा ना. रोज तेच तेच टाइप करायचं."

डिफॉल्ट व्हॅल्यू. प्रॉपर्टीच्या यादीत एक ओळ. कोड लिहावंच लागलं नाही.

करताना एकदा मनात आलं की हे अरविंदला विचारावं. मग आठवलं, तो 'नको'च म्हणणार.

११ मार्च, मंगळवार

कमळाकरशेठचा फोन आला सकाळी. मी कुकर लावत होते.

"ताई, मारोती गेला."

कोण मारोती, मी विचारलं. खरंच आठवला नाही.

"टाकीन गेला ना. उतरला न् खाली बसला. दुसरा पोरगा काढाला उतरला तं तो पन पडला. त्याला काढलाय, हॉस्पिटलान हाय. मारोती गेला."

मी म्हणाले, अरे बापरे. मी म्हणाले, फार वाईट झालं. आणि मग मी विचारलं, परमिट होतं ना?

"व्हता ना. माझ्या हातान व्हता."

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलं नाही. भात लागला.

११ मार्च, संध्याकाळ

अजून लिहावंसं वाटतंय. माझा काहीच संबंध नाहीये या गोष्टीशी. रजिस्टरला रीडिंग असतं, आशुतोषने सांगितलं होतं. माणसं टाकीत उतरतात ती मीटर बघून, कागद बघून नाही. कागद सगळीकडे असतात.

अरविंदला सांगितलं नाही.

१२ मार्च

आशुतोष घरी आला. पहिल्यांदाच. बूट काढायला विसरला आणि तसाच सोफ्यावर बसला. रजिस्टरचं विचारलं तर खाली बघतच कबूल केलं. मीटर फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून बंद होतं. दुसऱ्या प्लँटचं मीटर वगैरे काही नव्हतं.

"पण मग तुम्ही मला सांगितलंत—"

"मॅडम, मलाही वरून प्रेशर होतं. आता ते सोडा. फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील, पोलीस येतील. परमिटवर शून्य आणि वीस पॉइंट नऊ छापलंय, ते कुठून आलं विचारतील. तुम्ही एवढंच सांगा की प्रोग्राम सरांचा आहे, पहिल्यापासून असाच आहे. खोटं काय त्यात? सरांनीच केलाय. आणि ते जुनी फाईल वगैरे काही असेल तर काढून टाका." मग बेडरूमच्या दाराकडे बघून आवाज बारीक केला. "सरांना या अवस्थेत कोण काय करणार, मॅडम? तुमचं तसं नाही."

त्याला चहा दिला नाही. पण 'नाही' असंही म्हटलं नाही.

तो गेल्यावर बेडरूममध्ये गेले. दार उघडंच होतं. अरविंदने सगळं ऐकलं होतं. लॅपटॉपकडे बोट केलं नाही. नाकही धरलं नाही. आता कशाला धरेल.

मी जमिनीवर बसले आणि त्याच्या पलंगाला डोकं टेकून तशीच राहिले.

१४ मार्च, धुळवड

खाली सोसायटीत स्पीकर लावलाय. पोरं रंग खेळतायत.

आज जुनं कोड काढून पुन्हा वाचलं, नीट. त्याने गॅसच्या ओळीवर हिरव्या अक्षरांत एक टीप लिहिलेली होती. हिरवी अक्षरं मशीन वाचत नाही, ती माणसासाठी असतात. 'रिकामं असेल तर इथे थांबेल. थांबू दे.' मी फेब्रुवारीत ती बघितली होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, मी घाईत ओलांडून गेले. त्याच्याकडून राहून गेलं नव्हतं काहीच. त्याने मुद्दामच अडवलं होतं.

नेटका मेसेज लिहायला हवा होता त्याने, नुसता एरर ठेवायला नको होता. हे मी त्याच्यावर ढकलण्यासाठी लिहितेय का? थोडं असेल.

१६ मार्च

तळवलीला गेले, कमळाकरशेठांच्या घरी. खाली भाड्याचे गाळे, वर ते राहतात. मारोतीची बायको गोजरा त्यांच्याकडेच होती, गावाहून दीर घ्यायला येईपर्यंत. माजघरात भिंतीला टेकून बसली होती. मी कोण ते शेठांनी तिला सांगितलं नाही, मीही नाही.

गॅलरीत त्यांना विचारलं, "तुम्ही तो कागद वाचलात का उतरवण्याआधी?"

"वाचला म्हनजे? रोज वाचतंय. मी शिकलेला नाय जास्ती, पन तेवढा वाचतंय. गॅस शून्य. शून्य म्हनजे हवा साफ, असा आमाना त्यांनीच शिकवलाय. मीच बोल्लो त्याला, मारोती, उतर."

"आणि तिथे काहीच लिहिलेलं नसतं तर?"

"कोरा असता तं कसा उतरवीन, ताई? मागं दोनदा परमिट निंगाला नाय तं पोरांना घेऊन परत आलो का नाय? रोजगार बुडला, पोरं शिव्या देत व्हती. तरी आलो."

मग मी त्यांना सांगितलं. ते शून्य मी घातलं. गॅलरीच्या कठड्याला धरून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "आतमधी नका बोलू." आणि आत निघून गेले. मी जिना उतरून आले. मागून कोणी आलं नाही.

१९ मार्च

आज पोलीस इन्स्पेक्टर आणि एक हवालदार घरी आले. आशुतोषने त्यांना आधीच सांगून ठेवलं असावं, कारण ते थेट अरविंदसमोर खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. हळू बोलत होता, मोठ्याने नाही. पुष्कळ लोक अरविंदशी ओरडून बोलतात.

"साहेब, तो परमिटचा प्रोग्राम तुम्ही तयार केला?"

अरविंदने मान हलवली. हो.

"त्यात रीडिंग नसताना आकडा येतो, तेही तुम्हीच केलेलं?"

मी दाराच्या चौकटीत उभी होते. अरविंदने माझ्याकडे बघितलं नाही. इन्स्पेक्टरकडे सरळ बघून मान हलवली. हो. हो.

हवालदार लिहीत होता. त्याने वाचून दाखवलं, 'सदर प्रोग्राम मी स्वतः बनविला असून त्यातील त्रुटी माझ्या लक्षात आली नाही.' डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. शाईचा पॅड काढला. अरविंदने अंगठा स्वतःहून पुढे केला.

मी तेव्हाही गप्प राहू शकले असते. हे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. अंगठा शाईला लागेपर्यंत मी गप्पच होते.

मग म्हणाले, "थांबा. ते शून्य मी टाकलंय. ऑक्सिजनचा आकडाही मीच. ह्यांच्या प्रोग्रामवर परमिट अडत होतं. जुनी फाईल आहे माझ्याकडे, दाखवते."

अरविंदने माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्या हातात अजून आहे हे मला माहीत नव्हतं. "नको," म्हणाला. तो शब्द त्याला हवा होता तोच होता, बरोबर त्याच अर्थाचा. माझ्या मनगटावर शाईचा ठसा उमटला.

इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं. "मॅडम, विचार करून बोला. एकदा लिहिलं की लिहिलं."

"लिहा."

"असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी आशुतोषचं नाव सांगितलं. मेसेज आहे का, विचारलं. मेसेज एकच आहे, 'सुपर मॅडम'. बाकी सगळं फोनवर.

हवालदाराने पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला.

२८ मार्च

वकील म्हणतो, गुन्ह्यात माझं नाव येणार. आशुतोषचंही येईल, पण तो म्हणतोय, त्याने असं काही सांगितलंच नव्हतं. मालकाचं येणार नाही. कारखान्यात मीटर आलंय, नवीन. पाठीमागचा, टाक्यांचा प्लँट सुरूही झाला.

गोजरा गावी गेली. कमळाकरशेठांनीच फोन करून सांगितलं. एवढंच सांगितलं आणि ठेवला.

शर्मिलाने बोर्ड करून आणला. चित्रं आहेत: पाणी, पंखा, दुखतंय, भीती वाटते. अरविंदने एकाही चित्रावर बोट ठेवलं नाही. माझा हात धरून टेबलाकडे ओढत राहिला. लॅपटॉप पुन्हा हॉलमध्ये आणला, त्याच्या खुर्चीला लावून.

३१ मार्च

मी जिथे जिथे हात लावला ते सगळे प्रोग्राम आम्ही उघडून बसलोय. मी एकेक ओळ मोठ्याने वाचते. बरोबर असेल तर तो काही करत नाही. चूक असेल तर डावा हात वर. सकाळपासून हात बऱ्याचदा वर झाला. बहुतेक निरुपद्रवी, हजेरीचे, स्टोअरचे.

मग उरणचं गोदाम. तिथे परदेशातून कंटेनर येतात, आत कीड मारायच्या औषधाचा विषारी वायू भरलेला असतो. दार उघडण्याआधी ते औषध आत किती उरलंय याचं रीडिंग भरायचं. मी ती ओळ वाचली. अर्धीच वाचली. अरविंदने हात वर केला नाही, टेबलावर आपटला. एन-झेड.

लगेच फोन केला. तिथला मॅनेजर म्हणाला, "अहो मॅडम, मस्त चाललंय. तुम्ही केल्यापासून एक एरर नाही. आता कशाला हात लावताय?"

मी सांगितलं, तो फॉर्म वापरू नका, बंद करा, चूक माझी आहे. तो म्हणाला, मार्च एण्ड आहे, मंगळवारनंतर बघू.

१ एप्रिल

शेजारच्या काकूंना अरविंदजवळ बसवलं आणि पहिली बस धरून उरणला आले. गेटवर वॉचमनने नाव लिहून घेतलं, आत फोन लावला, आणि बाकावर बसायला सांगितलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी आत जाणार, असंही म्हणाले. तो म्हणाला, "पास नाही तर एंट्री नाही, मॅडम. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

वही पर्समध्ये होती म्हणून लिहितेय.

बाकावरून अर्ध्या आवारापर्यंत दिसतं. ट्रेलर येतायत, क्रेन फिरतेय. मॅनेजरचा फोन बिझी. पुन्हा बिझी.

समोर एक निळा कंटेनर खाली उतरवलाय. दोन पोरं त्याच्या दाराशी गेली. एकाच्या हातात कागद आहे, तो वाचून त्याने घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्याने दाराच्या दांड्याला हात घातलाय.

वॉचमन फोनवर आहे, पाठ माझ्याकडे. वही ठेवते.